नसलेल्या एकवीसशे खुर्च्या

काकूंच्या गोदामात जवळजवळ दोन हजार खुर्च्या होत्या आणि त्यांतल्या एकीवरही त्या कधी बसल्या नव्हत्या. भाड्याच्या मालावर मालकाने बसू नये, माल सैलावतो, असं त्यांचं ठाम मत. स्वतः त्या दाराशी तेलाच्या रिकाम्या डब्यावर बसायच्या. डब्यावर पोत्याची चौघडी, पोत्यावर काकू, मांडीवर वही. आलेल्याला तिथूनच विचारायच्या, माणसं किती, वेळ किती आणि लोक रडायला येणार की हसायला. रडणारी माणसं कडेच्या खुर्च्या धरून गप्प बसतात. हसणारी मधल्या ओढून गोल करतात, एक पिशवीसाठी अडवतात आणि एक मोडतात. त्यामुळे हसण्याच्या कार्यक्रमाला शंभरामागे दहा जास्त लागतात. हे शास्त्र काकूंनी अठ्ठावीस वर्षांत एकटीनं उभं केलं होतं.

धंदाच असा की थट्टा ठरलेली. प्रत्येक नवं गिऱ्हाईक आत येताना, काकू आम्हालाही एखादी खुर्ची मिळवून द्या की, असं म्हणून आपणच हसायचं. काकूही हसायच्या, पण ऑर्डर बघून. पन्नास खुर्च्यांना नुसते ओठ हलत, पाचशेला दात दिसत.

खुर्च्यांवर आकडे घालायचं काम काकूंच्या यजमानांचं. ते शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, म्हणून सगळ्यांचे मास्तर. त्यांनी पत्र्याचा साचा कापून प्रत्येक खुर्चीच्या पाठीमागे, वरच्या पट्टीवर, पांढऱ्या रंगात आकडा उमटवला होता. पट्टी अरुंद, त्यामुळे तीनच आकडे मावायचे. नऊशे नव्व्याण्णव झाल्यावर मास्तर दोन दिवस विचार करत बसले आणि मग पुन्हा एकपासून सुरू झाले, फक्त यावेळी आकड्याशेजारी एक फूल काढून. काकूंनी कपाळाला हात लावला, पण फूल चांगलं आलं होतं.

गोदामाचं दार एवढं चिंचोळं की माल एकापाठोपाठ एकाच रांगेने निघे. साध्या खुर्च्या पुढे, फुलांच्या मागे. साध्या सगळ्या बाहेर आल्याशिवाय फुलांना हात लागत नसे. टेम्पोवाल्याने तर कार्यक्रमांची वर्गवारीच त्यावरून केली होती. कुठल्याही लग्नाचं नाव निघालं की तो विचारी, साध्यांचं की फुलांचं, आणि फुलांचं म्हटलं की आधीच कंबर धरून बसे.

विधानसभेची निवडणूक लागली आणि भाचेसाहेब दारात उभे राहिले. हे इथले उमेदवार असलेल्या साहेबांचे सख्खे भाचे. साहेब भाषण करत, बाकीचं सगळं भाचेसाहेब करत. त्यांना शेवटच्या सभेला दोन हजार चारशे खुर्च्या हव्या होत्या. एवढ्या नाहीत म्हटल्यावर ते म्हणाले, घ्या की नव्या, भाडं आगाऊ देतो. दिलंही, रोख, मोजून. काकूंनी चारशे दोन नव्या खुर्च्या आणल्या. मास्तरांनी तीन दिवस जेवणाखाण्याची शुद्ध न ठेवता त्यांच्यावर पुन्हा एकपासून आकडे घातले आणि यावेळी शेजारी पोपट काढला. कुणाला तो मासा वाटला. शेजारच्या मुलीला चप्पल वाटली. चित्रकला शिकवणं आणि चित्र काढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे काकूंना लग्नाच्या पहिल्या वर्षी कळलं होतं, पण घरात त्या विषयावर बोलणं होत नसे. पोपट गोदामाच्या मागच्या भिंतीला लागले.

पावती मात्र तीनशे खुर्च्यांची फाटली. ही धंद्यातली रीत होती. सभा कुणाचीही असो, पावतीवर गिऱ्हाईक सांगेल तो आकडा लिहायचा, बाकीच्या खुर्च्या विश्वासावर जायच्या आणि विश्वासावर यायच्या. अठ्ठावीस वर्षांत काकूंनी असं का, हे विचारलं नव्हतं. वाणी कधी गिऱ्हाइकाला विचारतो का, की एवढा साबण कशाला.

सभा झाली. साहेब निवडून आले. टेम्पोवाल्याने तीन दिवसांत अठराशे खुर्च्या परत आणल्या आणि चौथ्या दिवशी तो रिकामा आला. उरलेल्या सहाशे, म्हणजे सगळे पोपट आणि फुलांतल्या शेवटच्या एकशे अठ्ठ्याण्णव, मैदानावरून कुठे गेल्या ते कुणी सांगेना. भाचेसाहेब फोनवर म्हणत, येतील. पंधरा दिवस ते येतील म्हणाले. मग फोनच उचलेनासे झाले.

तेव्हा कुणीतरी सुचवलं की उमेदवारांनी खर्चाची विवरणं भरली आहेत, ती निवडणूक कचेरीत फळ्यावर लावलीत, त्यात सभेचा तपशील असतो. काकू गेल्या. कचेरीत पंखा फिरत होता आणि त्याच्या वाऱ्याने फळ्यावरचे कागद माना हलवत होते. साहेबांचं विवरण चांगलं नऊ पानी होतं. सहाव्या पानावर लिहिलं होतं, खुर्च्या, तीनशे. सोबत काकूंचीच पावती, काकूंच्याच सहीची.

त्यांनी ते तीनदा वाचलं. मग खिडकीतल्या कारकुनाला विचारलं की माझ्या सहाशे खुर्च्या यायच्या आहेत, त्यांचं काय. कारकून सज्जन होता. त्याने कागद पुढे ओढून बेरीज-वजाबाकी केली. तुमच्याकडून गेल्या तीनशे. परत किती आल्या? अठराशे. त्याने चष्मा वर केला.

"मग काकू, कागदोपत्री तुम्हीच साहेबांच्या पंधराशे खुर्च्या देणं लागता."

काकू घरी आल्या. त्या चिडल्या होत्या, पण सहाशे हरवल्या म्हणून नव्हे. हरवणं त्यांना ठाऊक होतं. एकवीसशे खुर्च्या, ज्या त्यांनी धुतल्या, पुसल्या, ज्यांचे पाय बदलले, त्या नव्हत्याच, असं सरकारी फळ्यावर लिहिलेलं होतं आणि खाली सही त्यांची होती. मास्तरांना त्या एवढंच म्हणाल्या की तुमचे पोपट जन्मालाच आलेले नाहीत. मास्तरांनी चहाचा कप खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी काकू पुन्हा कचेरीत गेल्या, कारण त्या फळ्यावर आदल्या दिवशी त्यांना आणखी एक कागद दिसला होता. साहेबांच्या विरोधात सरकारी दवाखान्यातली नोकरी सोडलेली एक नर्स उभी होती. तिने पूर्ण प्रचारात काकूंकडून चाळीस खुर्च्या नेल्या होत्या आणि परत आणताना ओल्या फडक्याने पुसून आणल्या होत्या. तिचं विवरण दीड पानाचं. खुर्च्या चाळीस, पैकी एकीचा पाय मोडला, दुरुस्ती स्वतःच्या पैशाने. काकूंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले. नर्सबाईंच्या चाळीस, साहेबांच्या तीनशे. कुणीही बघितलं असतं तर म्हणालं असतं, चला, फरक आहे, पण लढत झाली. प्रत्यक्षात चाळिसांसमोर दोन हजार चारशे होत्या आणि खर्चाला कायद्याने घातलेली मर्यादा त्या चोवीसशे खुर्च्यांखाली कधीच चिरडली गेली होती. ती मर्यादा खरी मानून चालणारी त्या निवडणुकीत बहुधा एकटी नर्सबाईच होती. काकूंना उगीचच तिने पुसून आणलेल्या खुर्च्या आठवल्या. त्या इतक्या स्वच्छ आल्या होत्या की काकूंनी त्यांना पुन्हा फडकं लावलं नव्हतं.

त्या आठवड्यात गोदामात पहिली बैठक भरली. सभांना कर्णे पुरवणारे भाऊ आले, फ्लेक्स छापणारी बाई आली, टेम्पोवाला होताच. प्रत्येकाने फळ्यावर आपापला माल शोधून पाहिला होता. भाऊंच्या साठ कर्ण्यांचे चार झाले होते. चार कर्ण्यांत साहेबांचा आवाज साहेबांच्याच कानापर्यंत पोचला नसता, असं भाऊंचं म्हणणं पडलं. फ्लेक्सवालीच्या नऊशे फलकांचे तीस उरले होते आणि तिला त्याहून मोठं दुःख हे होतं की त्या तिसांत तिचा सगळ्यात चांगला फलक नव्हता. बैठकीत भाऊ बोलायला उभे राहिले की आधी हॅलो, हॅलो म्हणत आणि कुणी मान डोलावल्याशिवाय पुढे सरकत नसत. चाळीस वर्षांची सवय, जाणार कशी.

तीन बैठकांनंतर मागणी ठरली, ती एका ओळीत मावणारी. सभेच्या दाराशी, सभा सुरू होण्याआधी, एक पाटी लावायची. खुर्च्या किती, कर्णे किती, फलक किती, कुणी पुरवले, पैसे कुणी दिले. येणारा प्रत्येक माणूस वाचेल आणि आत जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी ताडून बघेल. फ्लेक्सवालीने हळूच विचारलं की असं झालं तर साहेबलोक खरोखरच तीनशे खुर्च्या आणि तीस फलक घेतील, मग आपण खायचं काय. मग काकू म्हणाल्या की तेही लिहून ठेव, म्हणजे नंतर कुणी रडायला नको.

नेमकी तेव्हाच राज्याने निवडणूक सुधारणांसाठी एक समिती नेमली होती. समिती जिल्ह्याजिल्ह्यांत फिरून लोकांच्या सूचना ऐकत होती. काकूंनी नाव दिलं. सुनावणीची तारीख आली, आणि तारखेच्या चार दिवस आधी भाचेसाहेब आले, बिस्किटांचा पुडा घेऊन.

गोदामात त्यांना बसायला कुणी सांगितलं नाही. ते उभ्यानेच म्हणाले, "काकू, तुमच्या सहाशे अगदी सुखरूप आहेत. सुनावणी होऊ दे, मग बघू. आणि त्या दिवशी तुमची तब्येत बरी नसली, तर दुसऱ्याच दिवशी चारच्या आत खुर्च्या दारात हजर."

"माझी तब्येत ठणठणीत आहे."

"हवा बदलतेय, काकू. जपा."

काकूंनी बिस्किटं परत केली, पण त्या दिवसापासून त्यांचं जेवणातलं लक्ष उडालं. पुढच्याच आठवड्यात एका शाळेचा कार्यक्रम होता, बावीसशे खुर्च्यांचा. गोदामात होत्या अठराशे. शाळा दर वर्षीची, तीच हातची गेली असती तर वर्षाचा कणा मोडला असता. मास्तरांनी सरळ काही सांगितलं नाही. संध्याकाळी ते स्वयंपाकघरात आले, काकूंच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाले की अगं, जरा कोमट लागतंय. काकू म्हणाल्या की मी गॅसपाशी उभी आहे, तुमचा हात लावला तरी कोमटच लागेल. मास्तर थोडा वेळ तिथेच घुटमळले. मग त्यांनी काकूंचं भाषण सुवाच्य अक्षरात लिहून द्यायला घेतलं. तीन दिवस घेतले आणि समासात वेलबुट्टीही काढली.

सुनावणी नगरभवनात होती. वर समितीचे तिघे, मध्ये अध्यक्षबाई. त्या निवृत्त न्यायाधीश होत्या आणि त्यांच्यासमोर अंडी उकडताना लावतात तसलं एक घड्याळ होतं. माणशी पाच मिनिटं, मग घंटा. खाली दोनशे-एक माणसं. काकू मागच्या रांगेत टेकल्या. भाषणाचा कागद उलगडत टेकल्या, कुठल्या खुर्चीवर टेकतोय ते बघितलं नाही. शेजारी मास्तर, त्यांच्या हातात काकूंचा जादा चष्मा आणि पाण्याची बाटली.

काकूंच्या आधी भाचेसाहेब बोलले. एक सामान्य नागरिक म्हणून बोलतो, असं म्हणून ते हात जोडून उभे राहिले. आमच्या साहेबांचं सांगायचं तर शेवटच्या सभेला जेमतेम तीनशे खुर्च्या, त्याही अर्ध्या रिकाम्या. साहेब स्वतः पाण्याची बाटली घरून आणतात. अशा साध्या माणसांवर आणखी नियम लादून समिती काय मिळवणार? घंटा झाली, ते पुढच्या रांगेत जाऊन बसले.

काकू पुढच्या खुर्चीच्या पाठीला धरून उठायला गेल्या आणि बोटांखाली काहीतरी खरखरीत लागलं. ओळखीचं. त्यांनी वाकून पाहिलं. आठशे एकतीस आणि फूल. तिच्या शेजारी आठशे बत्तीस, फूल. पलीकडे पोपट, एकशे चार. त्यांनी झटकन मागे वळून ज्या खुर्चीवर आपण बसलो होतो तिची पाठ पाहिली. पोपट, दोनशे साठ. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा त्या स्वतःच्या खुर्चीवर बसल्या होत्या आणि तीही चोरीची निघाली.

त्यांचं नाव पुकारलं गेलं. वेलबुट्टीचा कागद त्यांच्या हातातच राहिला.

"बाई, एक विनंती आहे," काकू म्हणाल्या. "सगळ्यांनी जरा उभं राहावं."

सभागृह उभं राहिलं. कुणीतरी थोर माणूस गेला असणार, असं समजून लोकांनी माना खाली घातल्या. अध्यक्षबाईही उठल्या, सदस्यही उठले. पुढच्या रांगेत भाचेसाहेबांनी हात पुढे बांधून डोळे मिटले. त्या गंभीर शांततेत काकू रांगारांगांतून फिरत होत्या, प्रत्येक खुर्चीमागे वाकत होत्या आणि पुटपुटत पुढे सरकत होत्या. मागे टेम्पोवाला वहीत उतरवून घेत होता. दोन मिनिटं झाली, तीन झाली. लोकांच्या माना अवघडल्या. शेवटी अध्यक्षबाईंनी पुढे झुकून हलक्या आवाजात विचारलं की कोण गेलं.

"कुणी गेलं नाही," काकू म्हणाल्या. "सापडल्यात. एकशे चौऱ्याऐंशी."

मग जे झालं ते समितीच्या कागदांत बहुधा जरा सोज्वळ करून लिहिलेलं असेल. काकूंनी सांगितलं की या खुर्च्या माझ्या आहेत, भाचेसाहेबांनी सभेला नेलेल्या आहेत आणि आणून दिलेल्या नाहीत. भाचेसाहेबांनी डोळे उघडले. ते म्हणाले की खुर्च्या पुरवायचं नगरभवनाचं कंत्राट त्यांच्या मेव्हण्याकडे आहे, हा माल मेव्हण्याचा.

अध्यक्षबाईंनी आपली खुर्ची फिरवून पाठीमागे पाहिलं. "मेव्हण्यांना पक्ष्यांची आवड आहे का?"

भाचेसाहेब म्हणाले की तो पक्षी नाही, मासा आहे.

"तो पोपट आहे," मास्तर मागून म्हणाले. ते उभे होते. पाण्याची बाटली छातीशी घट्ट धरलेली होती. "चोच बघा. माशाला चोच असते का?"

यावर दोन्ही सदस्य आपापल्या खुर्चीमागे वाकले. एकाचं मत माशाकडे झुकत होतं, पण त्याने ते मनात ठेवलं. भाचेसाहेबांना आता धीर आला. ते म्हणाले की या बाईंच्या आकड्यांवर काय विश्वास ठेवायचा, एकच नंबर तीन-तीन खुर्च्यांवर घालतात, एक साधी, एक फुलाची, एक या माशाची. आणि असतील खुर्च्या यांच्या, समजा, तरी त्या सभेतल्याच कशावरून? सभेला तीनशेच होत्या. पावतीवर सही कुणाची आहे, विचारा.

तेव्हा काकूंनी गोदामाचं दार समजावून सांगितलं. हाताने हवेत दार काढलं, केवढं चिंचोळं ते दाखवलं. पुढे साध्या, नऊशे नव्व्याण्णव. मागे फुलांच्या, नऊशे नव्व्याण्णव. भिंतीला पोपट. साध्या आणि फुलांच्या सगळ्या, एकूण एकोणीसशे अठ्ठ्याण्णव, बाहेर काढल्याशिवाय पहिला पोपट दारातून निघत नाही. पोपट त्या सभेसाठीच विकत आणले आणि जन्मात एकदाच बाहेर पडले. तीनशेच खुर्च्या गेल्या असत्या तर पोपट आज भिंतीलाच असते. टेम्पोवाल्याने न विचारता सांगितलं की त्या दिवसापासून आपण डाव्या कुशीवर झोपू शकत नाही आणि पाहिजे तर डॉक्टरची चिठ्ठी आणतो.

अध्यक्षबाईंनी आपल्या कागदावर काहीतरी लिहिलं. मग त्यांनी शांतपणे विचारलं, "तीनशेच्या पावतीवरची सही तुमची आहे?"

इथे काकू थांबल्या. मास्तरांना वाटलं, पाणी हवंय. ते दोन पावलं पुढे आले, पण काकूंनी हातानेच नको म्हटलं.

"माझीच," त्या म्हणाल्या. "अठ्ठावीस वर्षं अशाच पावत्या फाडल्यात. सगळ्या पक्षांना. ते सांगतील तो आकडा मी लिहिला. एकदाही विचारलं नाही, बाकीच्या खुर्च्या कागदावर का चढत नाहीत. भाचेसाहेब खोटं बोलतात खरं, पण ते माझ्या अक्षरात बोलतात." त्यांनी वेलबुट्टीच्या कागदाची घडी घातली. "नर्सबाई उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी चाळीस नेल्या, चाळीस लिहिल्या. त्यांना वाटलं, सगळे तसंच करतात. म्हणून पाटी मागतेय. पावती माझ्यात आणि गिऱ्हाइकात असते, तिथे दोघांना मिळून खोटं बोलता येतं. दारातली पाटी हजार माणसं वाचणार. हजारांना एकाच वेळी कसं पटवणार, की तुम्ही बसलाय ती खुर्ची नाहीच म्हणून?"

घंटा झाली. अध्यक्षबाईंनी घड्याळ पालथं घातलं.

खुर्च्या ताबडतोब परत द्यायच्या, असं ठरलं, पण मग बाकीची सुनावणी उभ्याने करावी लागली असती. त्यामुळे काकूंनी संध्याकाळपर्यंतची परवानगी दिली. उरलेला वेळ सगळे जण अंग चोरून, खुर्चीच्या कडेला बसले, पाहुण्यांच्या घरी बसतात तसे. एकशे चौऱ्याऐंशी त्याच संध्याकाळी टेम्पोतून घरी आल्या. बाकीच्या चारशे सोळा दोन दिवसांनी सकाळी गोदामासमोर रांगेत उभ्या दिसल्या, कुणी आणल्या कळलं नाही. शाळेचा कार्यक्रम पार पडला. साहेबांनी सुधारित विवरण दिलं, त्यात आधीच्या आकड्याला टंकलेखनातली चूक म्हटलं होतं. त्याची चौकशी अजून चालू आहे आणि साहेब अजून आमदार आहेत. एवढं मात्र झालं की समितीने दारातली पाटी उचलून धरली आणि राज्याने येणाऱ्या पोटनिवडणुकीपुरती ती करून पाहायची ठरवली.

पोटनिवडणूक लागली ती शेजारच्या मतदारसंघात. एका बाजूला नर्सबाई पुन्हा उभ्या राहिल्या, दुसऱ्या बाजूला साक्षात भाचेसाहेब. त्यांनी खुर्च्यांसाठी माणूस पाठवला, कारण जिल्ह्यात दुसरा खुर्चीवाला नव्हता आणि मेव्हण्याकडे आता माल नव्हता. साडेतीनशे हव्या होत्या. माणसाने आकडा दोनदा सांगितला, पावतीवर लिहिलेला तिसऱ्यांदा वाचून घेतला. काकूंनी ओठसुद्धा हलवले नाहीत. त्या प्रचारात फुलं बाहेर पडलीच नाहीत, टेम्पोवाला ताठ चालायला लागला आणि फ्लेक्सवालीने आपण हे आधीच विचारलं होतं याची आठवण सगळ्यांना आळीपाळीने करून दिली.

भाचेसाहेबांच्या सभेला काकू स्वतः गेल्या. दारात काळा फळा, त्यावर खडूने सगळं लिहिलेलं. येणारे लोक वाचत होते, आत जाऊन रांगा मोजत होते, एकमेकांना आकडे ओरडून सांगत होते. एक जण तर बाहेर येऊन कर्णे चारच आहेत, असं समाधानाने सांगून गेला. साडेतीनशे बसले, हजारभर उभे राहिले. भाचेसाहेब बोलायला लागले. आठव्या मिनिटाला उभ्या माणसांनी पाय बदलायला सुरुवात केली, दहाव्याला मागची रांग सुटायला लागली. भाचेसाहेबांनी हातातल्या कागदांची सहा पानं एकदम उलटली. आणि मग ते मध्येच थांबले, मान उंच करून गर्दीच्या पलीकडे दाराकडे पाहू लागले. भाऊंच्या चारही कर्ण्यांतून त्यांचा आवाज आला.

"काकू, ते दोन आजोबा घरून स्टूल घेऊन आलेत. ते माझ्या खर्चात लिहायचे का?"

हजार-दीड हजार माणसांनी माना वळवल्या. काकूंनी क्षणभर विचार केला. हा प्रश्न समितीपुढे आला नव्हता.

"लिहायचे," त्या म्हणाल्या. "पण तुमच्या नावावर नाही."

त्या खडू घेऊन गर्दीतून आजोबांपर्यंत गेल्या आणि स्टुलं कुणाची ते विचारलं. एका आजोबांनी छातीवर हात ठेवून स्वतःचं म्हणून सांगितलं. दुसरे जरा चुळबुळले आणि म्हणाले की शेजाऱ्यांचं आहे. विचारून आणलंत का, असं काकूंनी विचारल्यावर ते उठून स्टुलाच्या पुढे उभे राहिले. काकू परत दारात आल्या. फळ्यावर अगदी खाली जागा होती. भाषण थांबलेलं होतं आणि सगळी सभा वाट पाहत होती. काकूंनी सावकाश, सगळ्यांना वाचता येईल अशा अक्षरात लिहिलं: स्टुलं दोन. एक स्वतःचं, एक शेजाऱ्यांचं, न विचारता आणलेलं.